गंजणारं हिमोग्लोबिन

२००५ साली अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात, लेक ओस्वेगो इथं, शिल्पकार ज्यूलियन व्हॉस-आंद्रेई यांचं, रक्तातल्या हिमोग्लोबिन या प्रथिनाचं शिल्प उघड्यावर बसवलं. सुमारे ५ फूट उंच, पोलादाचं, मधोमध काचेचा गोळा. बसवलं तेव्हा चकचकीत होतं. दहाच दिवसांत नारिंगी झालं, काही महिन्यांत काळपट तांबडं. गंज मुद्दामच चढू दिला होता, कारण रक्तातलं लोहही ऑक्सिजन धरतं. रक्तातलं लोह तो परत सोडतं, गंज काही सोडत नाही. पण शिल्पाला तेवढी सूट द्यायला हरकत नाही.

अशा शिल्पांचं मूळ कलादालनात नाही, प्रयोगशाळेतल्या हातकामात आहे. १९४८ मध्ये रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग ऑक्सफर्डला सर्दीनं अंथरुणात पडून होते. गुप्तहेरकथा वाचून कंटाळले, तेव्हा कागदावर प्रथिनाची साखळी काढली आणि घड्या घालत कागद वळवला. त्यातून अल्फा हेलिक्स, म्हणजे प्रथिनाच्या साखळीचा मळसूत्री आकार, हाती आला. तो १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढं केंब्रिजला शास्त्रज्ञ जॉन केंड्र्यू यांनी मायोग्लोबिनची, म्हणजे स्नायूंतल्या एका प्रथिनाची, पहिली प्रतिकृती चक्क प्लॅस्टिसिनची, मुलांच्या खेळातल्या मऊ मातीची केली. दिसायला आतड्यांचा गुंताच!

१९७१ मध्ये प्रोटीन डेटा बँक, म्हणजे प्रथिनांच्या रचनांचा साठा, सुरू झाली. अणूंच्या जागा आकड्यांत साठू लागल्या, हळूहळू रेणू पडद्यावर गेले आणि हाताशी असलेला त्यांचा संबंध सुटला.

तो परत जोडला व्हॉस-आंद्रेई यांनी. ते मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. व्हिएन्नात क्वांटम प्रयोग करून मग पोर्टलंडला कला शिकले. त्यांची रीत सुताराला लगेच कळेल. लांब नळीचे तिरपे तुकडे कापायचे, प्रत्येक तुकडा ठरलेल्या कोनात फिरवून पुन्हा जोडायचा. साखळी प्रत्येक अमिनो आम्लापाशी, म्हणजे तिच्या प्रत्येक दुव्यापाशी, किती वळते ते डेटा बँकेतले आकडे सांगतात. असाच एक लालभडक अल्फा हेलिक्स २००४ पासून पोर्टलंडमध्ये, पॉलिंग यांच्या लहानपणच्या घरासमोर उभा आहे.

त्यांच्या कोलॅजनच्या, म्हणजे त्वचेतल्या आणि हाडांतल्या प्रथिनाच्या, शिल्पात आपलाही धागा आहे. काथ्याच्या दोराला पीळ द्यावा तशी कोलॅजनची तीन पदरी रचना १९५४ मध्ये सुचवली ती मद्रासला, जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था या शास्त्रज्ञांनी.