जुन्या सिंथेसायझरची दुरुस्ती आणि फेरबदल
साधारणपणे १९७० ते १९९० या काळात बनलेले सिंथेसायझर (विद्युतमंडलांतून ध्वनी निर्माण करणारी वाद्ये) चालू स्थितीत ठेवणे आणि मूळ मंडलात नसलेल्या सोयी त्यांत बसवणे, असे हे दुहेरी काम आहे. दुसऱ्या भागाला कारागीर ‘मॉड’ म्हणतात. स्वतंत्र व्यवसाय म्हणून याची सुरुवात काही जण मूग कंपनीच्या मिनीमूग या सिंथेसायझरपासून (१९७०) धरतात. मात्र सुट्या भागांची टंचाई हे लक्षण मानल्यास ती १९८०च्या दशकाच्या अखेरीस नेणे अधिक सयुक्तिक ठरते. यामाहाचा अंकीय डीएक्स७ (१९८३) आल्यावर अ‍ॅनालॉग वाद्ये मातीमोलाने विकली गेली आणि पुढे नृत्यसंगीतवाल्यांनी तीच शोधून काढली.

नेहमीचे दोष परिचित आहेत : खरखरणारे पोटेन्शियोमीटर (पातळी कमी-जास्त करणारे नियंत्रक), मळलेले कळसंपर्क, वीजपुरवठ्यातील सुकलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. स्मृती राखणाऱ्या बॅटरीचे दुखणे अधिक घातक. कॉर्गच्या पॉलिसिक्समध्ये (१९८१) निकेल-कॅडमियम बॅटरी गळते आणि तिचा क्षारधर्मी द्राव केएलएम-३६७ या मंडलपट्टावरील तांब्याच्या रेषा खातो. द्राव व्हिनेगरने उदासीन करून पट्ट धुतात व तुटलेल्या रेषांच्या जागी बारीक तारा झाळतात.

सर्वाधिक वाद आहे तो रोलंड ज्युनो-१०६ (१९८४) मधील ८००१७ए या संकरित (इवलेसे सुटे भाग एकत्र जोडलेल्या) चिपेविषयी. वाद्यात सहा आवाज (एका वेळी एकेक स्वर वाजवणारी मंडले) असून प्रत्येकाला अशी एक चिप असते. फिल्टर आणि ध्वनिपातळीचे नियंत्रण तिच्यातच होते. चिप बिघडली की दर सहावा स्वर गायब होतो, कर्कश फुटतो किंवा कळ सोडल्यावरही गुणगुणत राहतो. ‘की ट्रान्स्पोज’ची कळ दाबून ठेवून वाद्य सुरू केले, की चाचणी अवस्थेत वाजणाऱ्या आवाजाचा क्रमांक पडद्यावर दिसतो आणि दोषी चिप सापडते. तिच्यावरील काळा राळेचा लेप काळाच्या ओघात किंचित विद्युतवाहक बनतो, असे एक मत आहे. नियंत्रणाचे प्रवाह मुळात अतिसूक्ष्म असल्याने एवढी गळतीही फिल्टर भलतीकडे नेण्यास पुरते. दुसऱ्या मतानुसार उष्णतेने आतील बारीक सांधे सैल होतात, लेप केवळ निमित्त ठरतो. अ‍ॅसिटोनमध्ये भिजवून लेप सोलल्यावर, एकही भाग न बदलता, पुष्कळ चिपा पूर्ववत होतात. हे पहिल्या मताला पोषक आहे. काही सोललेल्या चिपा कालांतराने पुन्हा दगावतात, हा दुसऱ्या पक्षाचा मुद्दाही डावलता येत नाही. सोलताना घाई केल्यास लेपाबरोबर इवलेसे भागही निघून येतात. त्यामुळे नव्या बनावटीच्या बदली चिपा बसवण्याकडे कल वाढला आहे. मात्र त्यानंतर आवाजांचे मापन पुन्हा जुळवावे लागते.

प्रॉफेट-५ (१९७८) या वाद्याबाबत कोणती आवृत्ती हाती आली, यावर दुरुस्तीचा खर्च ठरतो : पहिल्या दोन आवृत्त्यांत एसएसएम कंपनीच्या, तर १९८०च्या तिसऱ्या आवृत्तीत कर्टिस कंपनीच्या सीईएम चिपा आहेत. त्यांतील सीईएम ३३४० चे उत्पादन २०१६ मध्ये पुन्हा सुरू झाले.

फेरबदलांत मिडी, म्हणजे वाद्ये एकमेकांशी जोडणारी १९८३ मध्ये आलेली अंकीय संकेतपद्धती, बसवणे सर्वांत रुळलेले. १९८३ पूर्वीच्या अनेक वाद्यांत स्वर विद्युतदाबाने ठरे. त्यातही मूग व रोलंड सप्तकामागे एक व्होल्ट वाढवत, तर कॉर्ग एमएस-२० मध्ये दाब कंप्रतेच्या प्रमाणात वाढतो, म्हणून एकाचे जोडमंडल दुसऱ्याला चालत नाही. रोलंडच्या टीबी-३०३ या बेस-सिंथेसायझरवरील ‘डेव्हिल फिश’ हा ऑस्ट्रेलियातील रॉबिन व्हिटल यांचा फेरबदल प्रसिद्ध आहे. त्यात आघात, सरकता स्वर व फिल्टर यांचे पल्ले मूळ मर्यादेपलीकडे नेले आहेत. अशा बदलांनी वाद्याचे ‘मूळपण’ जाते, हा संग्राहकांचा आक्षेप वाजवीच. वाजवणारे तो सहसा मनावर घेत नाहीत.

भारतात अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने मूग सिंथेसायझर उभारला गेला. मुंबईत संगीतकार चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ ही रोलंडची तीन वाद्ये वापरून रागांचे ध्वनिमुद्रण केले. जपानच्या देशी बाजारातील वाद्ये १०० व्होल्टची असतात. ती येथील २३० व्होल्टला थेट जोडल्यास ट्रान्सफॉर्मर जळतो, म्हणून मागील पट्टीवरील दाब वाचल्याशिवाय प्लग लावत नाहीत.