खाजकुयली, सर्पगंधा आणि आत्याची सातची गोळी

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप येऊन पडला. वेलीवर लोंबणाऱ्या मखमली शेंगांचा फोटो आणि खाली लाल अक्षरं: 'खाजकुयलीच्या बियांचं चूर्ण घ्या, पार्किन्सन मुळासकट घालवा. इंग्रजी गोळ्या आजच बंद करा.' पाठवणारा माझा आतेभाऊ. ज्या आत्याला सहा वर्षांपासून हा आजार आहे तिचाच मुलगा, त्यामुळे हसून सोडून देता येईना. शिवाय पंचाईत अशी की त्या निरोपात अर्धं वाक्य खरं होतं.

शेंगेची लव अंगाला लागली की काय होतं, हे सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्यांना सांगायला नको. संस्कृतात हिचं नाव कपिकच्छू. पण आतल्या बियांमध्ये साधारण ४ ते ६ टक्के लेव्होडोपा असतो, आणि आत्याच्या गोळीतलं मुख्य औषधही तेच. मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी या दोघांनी १९३७ साली तो या बियांतून वेगळा काढला. त्याचं करायचं काय, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. 'पूर्वजांना डोपामीन माहीत होतं' असं सांगत फिरणाऱ्यांनी इथे क्षणभर थांबावं. डोपामीन हे मेंदूतलं स्वतंत्र निरोप्या रसायन आहे, हे साऱ्या जगालाच कळलं ते १९५० च्या दशकाच्या अखेरीस.

आणि ते कळलं दुसऱ्या एका भारतीय वनस्पतीमुळे! मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे ब्रिटिश नियतकालिकात मांडलं. पुढे १९५२ मध्ये मुळीतला रेसरपिन हा घटक हाती आला. पण तो घेणाऱ्या काही रुग्णांच्या हालचाली मंदावल्या, अंग ताठरलं, हात कापू लागले. हुबेहूब पार्किन्सन. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रेसरपिन दिलं. ससे कान पाडून, गोळा होऊन बसले. मग त्यांना डोपा (शरीर ज्यापासून डोपामीन बनवतं तो; लेव्होडोपा हे त्याचंच एक रूप) टोचला आणि थोड्याच वेळात तेच ससे कान टवकारून हिंडू लागले. रेसरपिनने मेंदूतला डोपामीनचा साठा रिकामा केला होता, डोपाने तो भरला. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. एका झाडाने आजाराची नक्कल करून दाखवली, तर दुसऱ्याच्या बियांत त्यावरचा उतारा आधीपासून पडून होता. रसायनशास्त्र शिकवण्यात हयात घालवलेल्या माझ्यासारख्याला याहून सुरस गोष्ट माहीत नाही.

खऱ्या पार्किन्सनमध्ये साठा रिकामा होतो तो कारखानाच बंद पडत गेल्यामुळे. मध्यमेंदूत काळसर रंगाच्या पेशींचा एक छोटा पट्टा असतो. डोपामीन बनवणाऱ्या या पेशी मरत जातात, आणि लक्षणं दिसेपर्यंत त्यांतल्या निम्म्याच्या आसपास गेलेल्या असतात. लक्षण म्हणजे फक्त कंप नव्हे. कित्येकांना तो सुरुवातीला नसतोच. आत्याचं अक्षर मुंगीएवढं झालं, फोडणीचा वास येईनासा झाला, चेहरा निर्विकार दिसू लागला. आम्ही सगळे म्हणालो, हिला राग आलाय.

मग थेट डोपामीनचीच गोळी का देत नाहीत? इथे माझा आवडता भाग सुरू होतो. जरा धीर धरा.

मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की रक्तातलं वाटेल ते आत शिरू शकत नाही. ठरावीक पदार्थांसाठी ठरावीक दारं असतात. एक दार अमिनो आम्लांचं, म्हणजे प्रथिनं पचल्यावर सुटणाऱ्या तुकड्यांचं. या दारावरचा पहारेकरी रेणूच्या दोन खुणा तपासतो: एक अमिनो गट आणि एक कार्बोक्सिल गट. लेव्होडोपा हा स्वतः अमिनो आम्लच असल्यामुळे त्याच्याकडे दोन्ही असतात. डोपामीन म्हणजे कार्बोक्सिल गट छाटलेला लेव्होडोपा. एक खूण कमी, म्हणून प्रवेश नाही. म्हणून औषध लेव्होडोपाच्या वेषात आत पाठवायचं आणि छाटणी आत गेल्यावर होऊ द्यायची.

अडचण अशी, की छाटणी करणारं विकर (एन्झाइम) आतड्यात आणि यकृतातही भरपूर असतं. नुसता लेव्होडोपा गिळला तर शंभरातले एक-दोन भागच मेंदूत पोचतात. उरलेल्यातला बराचसा बाहेरच डोपामीन होतो आणि मळमळ आणतो, कारण उलटीचा इशारा देणारा मेंदूचा चिमुकला भाग या भिंतीच्या बाहेर, उघड्यावर आहे. म्हणून गोळीत कार्बिडोपा घालतात. तो बाहेरच्या विकराला अडवतो, पण स्वतः भिंत ओलांडत नाही, त्यामुळे आतली छाटणी बिनबोभाट चालते. त्याच्यामुळे लेव्होडोपाची गरज सुमारे ७५ टक्क्यांनी घटते. मळमळीवरच्या औषधांनाही हाच न्याय. डोमपेरिडोन बहुतांशी भिंतीबाहेर राहतं म्हणून चालतं. मेटोक्लोप्रमाइड आत शिरून डोपामीनचीच वाट अडवतं, त्यामुळे या रुग्णांना ते देत नाहीत. चकरेवर सर्रास घेतलं जाणारं सिनारिझिनही म्हाताऱ्या माणसांत पार्किन्सनसारखी लक्षणं आणू शकतं. डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन जावं, ते यासाठी.

आता चूर्णाकडे. ते निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. २००४ मध्ये लंडनमधल्या ८ रुग्णांवरच्या चाचणीत त्याचा परिणाम नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर सुरू झाला होता. पण गुण आला तो त्याच रेणूमुळे, 'नैसर्गिक' असण्यामुळे नव्हे. बाजारातल्या चमचाभर चूर्णात लेव्होडोपा किती, हे घेणाऱ्याला कळत नाही. सोबत कार्बिडोपा नसतो. गोळीवर वरून चूर्ण घेतलं तर मात्रा जास्त होऊन अंग वेडंवाकडं हलू लागतं. आणि मुळासकट? मरणाऱ्या पेशी ना गोळी वाचवते, ना चूर्ण. 'गोळ्या आजच बंद करा' हे वाक्य तर सरळ घातक. औषध एकाएकी तोडलं तर ताप, कमालीचा ताठरपणा, प्रसंगी जिवावर बेततं.

त्या दाराची गंमत मात्र अजून संपली नाही. तिथून आत जायला आमटीतल्या, पनीरमधल्या प्रथिनांची अमिनो आम्लंही रांगेत असतात. आतड्यातही तशीच रांग. आत्या दुपारची गोळी जेवणाच्या मध्यावर, वाटीभर उसळीसोबत घ्यायची, आणि तीन वाजता तिला खुर्चीतून उठता यायचं नाही. आम्ही म्हणायचो, आजार वाढला. डॉक्टरांनी दोनच प्रश्न विचारले: काय खाता, किती वाजता? आता गोळी जेवणाच्या पाऊण तास आधी. डाळ, उसळ, पनीर जास्त करून रात्री, कारण झोपल्यावर चालायचं नसतं. प्रथिनं बंद केलेली नाहीत. आधीच वजन उतरलेल्या माणसाला ते परवडत नाही. आजाराच्या सुरुवातीला बहुतेकांना हा फरक जाणवतही नाही. ज्यांना जाणवतो त्यांनी आठवडाभर वेळा लिहून काढाव्यात आणि तो कागद डॉक्टरांना दाखवावा.

सकाळी सातला गजर होतो, गोळी पाण्याबरोबर जाते, पावणेआठला पोहे. साडेआठला आत्या स्वतः केस विंचरते. ज्या वेळेत हात चालतो त्या वेळेत आंघोळ, फिरणं, व्यायाम उरकायचं, हा शोध तिचा तिनेच लावला.

काल ग्रुपवर नवा निरोप आला: 'केळ्यात डोपामीन असतं, रोज खा, पार्किन्सन पळवा.' केळ्यात डोपामीन खरंच असतं, सालीत तर पुष्कळ. पण एक खूण कमी! मी तेवढंच उत्तर टाकलं. आत्या रोज एक केळं खाते. पोट साफ होत नाही म्हणून.