मेल्यावरही न गेलेली खोड

तळेगाव एमआयडीसीतल्या ज्या कारखान्यातून आता ह्युंदाईच्या गाड्या बाहेर पडतात, त्याच्या फाटकावर पूर्वी जनरल मोटर्सचं नाव होतं. सप्टेंबर २००८ मध्ये तो सुरू झाला. त्याच महिन्यात अमेरिकेत लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली आणि नऊ महिन्यांनी खुद्द जनरल मोटर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. इकडे नव्या घराची वास्तुशांत झाली आणि तिकडे मूळ वाडाच पेटला, असा तो प्रकार. सरकारने वाडा वाचवला. पण लोकांच्या पैशावर तगलेली ही कंपनी कुठल्या गाड्या काढायच्या आणि कुठल्या बंद करायच्या, हे शहाणपणाने ठरवते का, हा प्रश्न तेव्हापासून पाठ सोडत नाही. विजेच्या गाड्यांवर केलेल्या खर्चापैकी १६० कोटी डॉलरवर ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीला पाणी सोडावं लागलं आणि तो प्रश्न पुन्हा वर आला.

उत्तर शोधायचं तर २००९ च्या बरंच मागे जावं लागतं.

मुंबईला ही कंपनी नवी नव्हती. १९२८ साली तिने शिवडीत गाड्या जोडण्याचा कारखाना काढला होता. नुसते सुटे भाग आणून जोडू नका, गाडी इथे बनवा, असा आग्रह स्वतंत्र भारताच्या सरकारने धरल्यावर १९५४ मध्ये तो गुंडाळला गेला. त्या काळात अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दर दोन गाड्यांपैकी साधारण एक याच कंपनीची असे. यामागे कंपनीचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी १९२० च्या दशकात बसवलेली घडी होती. पहिली नोकरी लागली की शेव्हरोले, बढती मिळाली की पाँटियाक, मग ओल्ड्समोबिल, ब्युइक आणि आयुष्य सार्थकी लागलं की कॅडिलॅक. गिऱ्हाईक शिडी चढत जायचं, पण पैसे एकाच गल्ल्यात पडायचे.

पुढे ही शिडी कंपनीनेच मोडली. खर्च वाचवण्यासाठी एकाच गाडीवर वेगवेगळी नावं डकवायला सुरुवात झाली. १९८१ ची कॅडिलॅक सिमरॉन म्हणजे शेव्हरोलेची स्वस्तातली कॅव्हेलियर, वर चामड्याच्या सीटा आणि भारी बिल्ला. कॅडिलॅकचं नाव धुळीला मिळवणारी गाडी म्हणून आजही तिचंच उदाहरण देतात.

ही कंपनी मोठ्या पिकअप आणि एसयूव्हींना इतकी का चिकटून बसते, याचं कारण मात्र तिच्या स्वभावापेक्षा कायद्यात जास्त सापडतं. आणि त्या कायद्यात चक्क कोंबडी आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतली स्वस्त कोंबडी युरोपच्या बाजारात घुसली, तेव्हा फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीने तिच्यावर जकात वाढवली. त्याचा वचपा म्हणून अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी परदेशी ब्रँडी, बटाट्याचा स्टार्च अशा काही मालासोबत हलक्या ट्रकवर २५ टक्के जकात बसवली. बाकीच्या वस्तू पुढे यादीतून निघाल्या, ट्रक राहिले. ही जकात आजही ‘चिकन टॅक्स’ म्हणूनच ओळखली जाते. तिच्यामुळे जपानी कंपन्यांनी छोट्या मोटारींचा बाजार काबीज केला तरी पिकअपचं कुरण डेट्रॉइटच्या तीन कंपन्यांसाठी (जनरल मोटर्स, फोर्ड, क्रायस्लर) राखीव राहिलं.

दुसरी सवलत तेलसंकटातून आली. १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि १९७५ मध्ये अमेरिकेने गाड्यांच्या सरासरी मायलेजचा कायदा केला. त्यात मोटारींसाठी नियम कडक होता, हलक्या ट्रकसाठी सैल, कारण ट्रक म्हणजे शेतकऱ्याचं आणि सुताराचं वाहन असं गृहीत धरलेलं. मग ट्रकच्याच चासीवर कुटुंबाला बसायची सोय केली की झाली एसयूव्ही. कागदोपत्री ती ट्रकच. एकीकडे जकातीचं कुंपण, दुसरीकडे नियमातली सूट, वर पेट्रोल स्वस्त. अशा ठिकाणी कुठल्या व्यवस्थापकाने छोट्या गाडीसाठी जीव टाकला असता? त्यातच कामगारांच्या आणि निवृत्तांच्या औषधपाण्याचा खर्च दर गाडीमागे सुमारे दीड हजार डॉलरवर गेला होता. तो भार मोठ्या ट्रकच्या किमतीत खपून जाई. छोट्या मोटारीवर टाकला की नफा संपलाच. म्हणून त्या काळच्या व्यवस्थापकांना सरसकट मूर्ख ठरवणं मला पटत नाही. समोर मांडलेल्या हिशेबाप्रमाणे ते वागत होते.

जिथे हिशेबही साथ देत नाही, अशी एक खोड मात्र आहे. ही कंपनी नवी कल्पना घाईने, अर्धीकच्ची बाजारात आणते, लोकांच्या शिव्या खाते, मग चिकाटीने ती दुरुस्त करते आणि चांगली झाली की बंद करते. १९८३ मध्ये आलेल्या पाँटियाक फिएरोचं हेच झालं. मधोमध इंजिन असलेली ही दोन सीटांची देखणी गाडी कंपनीच्याच साध्या गाड्यांचे भाग जोडून केली होती. सुरुवातीच्या गाड्यांच्या इंजिनांना आगी लागल्या. १९८८ च्या मॉडेलला अखेर तिच्या रूपाला शोभेल असं सस्पेन्शन मिळालं, आणि त्याच वर्षी फिएरो संपली. जपान्यांना टक्कर द्यायला टेनेसीत खास कारखाना उभारून काढलेल्या सॅटर्नची विक्री उत्तम, गिऱ्हाईक जीव लावणारं; पण नवी मॉडेलं मागितली की वर्षानुवर्षं हात आखडता.

ईव्ही-१ ची कथा सगळ्यांत जिव्हारी लागणारी. १९९६ मध्ये टेस्लाचं नावही नव्हतं तेव्हा जनरल मोटर्सने ही विजेवर चालणारी मोटार रस्त्यावर आणली, तीही विकत न देता केवळ भाड्याने. पहिल्या गाड्यांतली शिशाची बॅटरी लवकर दम टाकायची. १९९९ मध्ये निकेलची बॅटरी आली आणि पल्ला चांगलाच वाढला. तिथेच उत्पादन थांबलं. एकूण १,११७ गाड्या बनल्या होत्या. भाडेकरू विकत घ्यायला तयार असतानाही कंपनीने त्या परत घेतल्या, बहुतेक भंगारात चेचल्या आणि थोड्या निकामी करून संग्रहालयांना दिल्या. त्याच सुमारास लष्करी बनावटीच्या हमरचं नाव विकत घेऊन २००२ मध्ये एच-२ ही अगडबंब गाडी बाजारात उतरली. ईव्ही-१ बंद करणं चुकलं, हे तेव्हाचे प्रमुख रिक वॅगनर यांनी पुढे स्वतःच कबूल केलं.

२००५ मध्ये कंपनीला एक हजार कोटी डॉलरहून जास्त तोटा झाला. २००८ च्या उन्हाळ्यात तिकडे पेट्रोल गॅलनला चार डॉलरच्या वर गेलं आणि ज्या एसयूव्हींवर घर चालत होतं त्या डीलरांच्या आवारात उभ्या राहिल्या. नोव्हेंबरमध्ये तिन्ही मोटार कंपन्यांचे प्रमुख मदत मागायला खासगी विमानांनी वॉशिंग्टनला गेले. भीक मागायला पालखीतून आल्यावर व्हायची ती शोभा झाली. पुढच्या खेपेला ते हायब्रिड मोटारींतून आले. जाता जाता बुश यांनी कर्ज दिलं, ओबामांनी मार्च २००९ मध्ये वॅगनर यांना घरी पाठवलं आणि १ जूनला कंपनी दिवाळखोरीत गेली. चाळीस दिवसांनी, १० जुलैला, नवी जनरल मोटर्स बाहेर आली. तिचा सुमारे ६१ टक्के हिस्सा अमेरिकन सरकारचा होता. लोक तिला ‘गव्हर्न्मेंट मोटर्स’ म्हणू लागले.

सरकार मालक झाल्यावर पर्यावरणवाल्यांना खूश करायला त्याने व्होल्ट ही विजेची (सोबत पेट्रोल इंजिनही असलेली) गाडी कंपनीच्या गळ्यात मारली, असा समज रूढ आहे. कागद वेगळं सांगतात. व्होल्टचा नमुना डेट्रॉइटच्या प्रदर्शनात जानेवारी २००७ मध्ये, बुश यांच्याच कारकिर्दीत, मांडला गेला होता. उलट मोटारधंद्यासाठी नेमलेल्या ओबामांच्या कृती दलाने मार्च २००९ च्या अहवालात स्पष्ट लिहिलं, की व्होल्ट आशादायक असली तरी इतकी महाग आहे की नजीकच्या काळात ती धंदा म्हणून चालणार नाही. तसंच झालं. डिसेंबर २०१० मध्ये गाडी आली ती सुमारे ४१ हजार डॉलरला. पहिल्या पूर्ण वर्षात दहा हजार विकायच्या होत्या, विकल्या गेल्या ७,६७१.

बचावानंतरचे खरे शहाणे निर्णय नव्या गाड्यांचे नव्हते, टाकून देण्याचे होते. पाँटियाक, सॅटर्न, हमर आणि साब यांवर फुली मारून चारच नावं ठेवली. अमेरिकेत म्हाताऱ्यांची गाडी म्हणून हिणवली जाणारी ब्युइक वाचली ती चीनमुळे. तिथे तिला शेवटच्या सम्राटाच्या काळापासून मान होता. पुढची कित्येक वर्षं कंपनीने अमेरिकेपेक्षा चीनमध्ये जास्त गाड्या विकल्या. (हे दिवसही पालटले. २०२४ च्या शेवटी चीनमधल्या धंद्यापोटी पाचशे कोटी डॉलरहून जास्त रक्कम बुडीत दाखवावी लागली.) टाकून देण्याच्या त्या सपाट्यात कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा, टोयोटासोबत १९८४ पासून चालवलेला कारखानाही सुटला. जपानी पद्धतीचं काम शिकायची ती कंपनीची घरची शाळा. टोयोटानेही तो २०१० मध्ये बंद केला आणि तिथे येऊन बसली टेस्ला.

डिसेंबर २०१३ मध्ये सरकारने उरलेले शेअर विकले तेव्हा सुमारे पाच हजार कोटी डॉलरपैकी हजार कोटींच्या आसपास परत आले नव्हते. दोनच महिन्यांनी जुनं पाप वर आलं. कोबाल्टसारख्या छोट्या गाड्यांचा इग्निशन स्विच चालत्या गाडीत बंद पडायचा आणि एअरबॅग उघडायचीच नाही. काही रुपयांत सुधारता येणारा हा दोष कंपनीतल्या लोकांना वर्षानुवर्षं माहीत होता. भरपाई निधीने १२४ मृत्यू मान्य केले. स्वस्त गाडी म्हणजे मन न लावता केलेली गाडी, ही जुनी वृत्ती इथे माणसांच्या जिवावर बेतली.

२०१४ च्या उत्तरार्धात तेल कोसळलं आणि अमेरिकन गिऱ्हाईक पुन्हा ट्रककडे वळलं. २०१५ मध्ये कंपनीने ९७० कोटी डॉलरचा विक्रमी नफा कमावला. त्याच वर्षी दुसरी व्होल्ट आली. स्वस्त, आणि एका चार्जवर ५३ मैल धावणारी. पाठोपाठ क्रूझ ही छोटी मोटार नवी आणि हलकी झाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये प्रमुख मेरी बारा यांनी दोन्ही बंद करत असल्याचं जाहीर केलं. ओहायोतला लॉर्ड्सटाउनचा कारखाना त्यातच गेला. नफ्याच्या वह्या बघितल्या तर निर्णय बरोबर होता. पण व्होल्ट नेमकी तेव्हाच घेण्याजोगी झाली होती.

आपल्याकडचा अनुभव याहून वेगळा नाही. लग्नाच्या वऱ्हाडापासून विमानतळाच्या फेऱ्यांपर्यंत सगळीकडे दिसणारी टवेरा २०१३ मध्ये परत बोलवावी लागली, १ लाख १४ हजार गाड्या. प्रदूषण चाचणीत आपल्याच माणसांनी फसवाफसवी केल्याचं कंपनीने मान्य केलं. तरी २०१५ मध्ये बारा भारतात आल्या आणि शंभर कोटी डॉलरच्या गुंतवणुकीची घोषणा झाली. गुजरातमधला हलोलचा कारखाना बंद करून सगळी भिस्त तळेगाववर ठेवायची, असं ठरलं. त्या भरवशावर शेव्हरोलेची बीट ही छोटी गाडी घेणारे घेऊन बसले. मे २०१७ मध्ये बातमी आली की वर्षअखेरीस शेव्हरोलेची भारतातली विक्री बंद. तळेगाव काही वर्षं मेक्सिकोसाठी गाड्या बनवत राहिलं. २०२० मध्ये चीनच्या ग्रेट वॉलशी सौदा ठरला, पण सीमेवरच्या तणावात अडकला. डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबलं आणि हजाराहून जास्त कामगार रस्त्यावर आले. २०२३ मध्ये ह्युंदाईने तो घेतला.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. ही कंपनी तर कायद्याच्या भाषेत एकदा मरूनही आली.

२०१६ च्या शेवटी आलेली बोल्ट पूर्ण विजेवर चालणारी होती, एका चार्जवर २३८ मैल जाणारी, सामान्यांना परवडेल अशी. बॅटऱ्यांना आगी लागल्यामुळे २०२१ मध्ये सगळ्या बोल्ट परत बोलवाव्या लागल्या. बॅटऱ्या बदलल्या, किंमत उतरवली आणि गाडी खपू लागली. २०२३ मध्ये अमेरिकेत ६२ हजारांवर विकल्या गेल्या, आजवरच्या सर्वाधिक. त्याच वर्षी ती बंद झाली, कारण तिच्या कारखान्यात विजेचे मोठे पिकअप बनवायचे होते. २०३५ पर्यंत फक्त धूर न सोडणाऱ्या गाड्या विकण्याचं स्वप्न जाहीर झालेलं, आणि त्याचा झेंडा घेऊन पुढे कोण, तर हमर! आता विजेवरची, वजन सुमारे चार टन.

३० सप्टेंबर २०२५ ला अमेरिकेतली विजेच्या गाड्यांवरची साडेसात हजार डॉलरची करसवलत संपली आणि मोठ्या गाड्यांचे हिशेब कोलमडले. बोल्ट बंद केल्याबद्दल इतकी ओरड झाली होती की २०२३ मध्येच ती परत आणण्याचं वचन द्यावं लागलं होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये कॅन्ससमध्ये बनणारी नवी बोल्ट दाखवली गेली. स्वस्त बॅटरी, जलद चार्जिंग, किंमत तीस हजार डॉलरच्या आत. ती मर्यादित काळापुरतीच असल्याचंही कंपनीने त्याच वेळी सांगून टाकलं.