विनाइल तिरकं जातंय की घसरतंय?

रेडियमच्या दुकानात प्लॉटरवर, म्हणजे स्टिकरचं विनाइल पात्याने कापणाऱ्या मशीनवर, ‘सिद्धिविनायक’ असं मीटरभर लांब नाव कापायला लावा आणि पात्याकडे लक्ष ठेवा. जिथून ते निघालं, बरोबर त्याच ठिकाणी परत येऊन थांबायला हवं. बऱ्याचदा ते अर्धा-पाऊण मिलिमीटर बाजूला उतरतं. मग जादा विनाइल उपटताना नेमकी तिथलीच शिरोरेखा फाटते. दोष जातो ब्लेडला, कोरल या डिझाइन सॉफ्टवेअरच्या फाईलला, चिनी मशीनला, आणि काहीच सापडलं नाही तर नजरेला. मशीनला लिंबू-मिरची टांगलेली दिसते ती यातूनच. तिचा विनाइलवर होऊ शकणारा परिणाम एकच, दोरा लोंबून पात्याच्या डोक्यात अडकण्याचा.

गंमत अशी की त्याच मशीनवर त्याच दिवशी इंग्रजी अक्षरं साफ निघतात. इंग्रजी शब्दातलं प्रत्येक अक्षर सुटं असतं. पातं पाच-सात सेंटिमीटरच्या आत फिरून आपल्या आरंभबिंदूवर येतं आणि तिथे तो हिशेब मिटतो. देवनागरी शब्द वेल्ड केला, म्हणजे एकमेकांवर आलेले आकार फाईलमध्ये जोडून एक केले, की सगळी अक्षरं शिरोरेखेला जोडून एकच बंद रेषा तयार होते. पातं शिरोरेखेच्या वरच्या कडेने, वेलांट्यांवरून, मीटरभर जातं आणि खालून प्रत्येक अक्षराला, कान्याला वळसे घालत परत येतं. वाटेत साठलेली सगळी चूक शेवटच्या एका बिंदूवर उघडी पडते. म्हणून रोल नीट चालतोय की नाही, हे पारखायला देवनागरीइतकी कडक परीक्षा नाही.

ही चूक येते कुठून हे समजायला मशीनची रचना थोडी बघावी लागेल. पात्याचं डोकं फक्त आडवं, म्हणजे डावीकडून उजवीकडे पळतं. दुसरी दिशा सांभाळतं खुद्द विनाइल, तेच पुढे-मागे सरकतं. खाली एक लोखंडी दांडा असतो, त्यावर ठरावीक अंतराने खरखरीत पट्टे असतात. हा ग्रिट रोलर. वरून स्प्रिंगने दाबलेली रबरी चाकं असतात, ते पिंच रोलर. दोघांच्या चिमटीत विनाइल. कडेला भोकं नाहीत, दाते नाहीत, रूळ नाहीत.

केवळ घर्षणाच्या भरवशावर एवढी अचूकता कशी मिळते? हेवलेट-पॅकार्डने १९८१ साली ७५८०ए हा कागदावर पेनाने आराखडे काढणारा ड्राफ्टिंग प्लॉटर आणला, त्यात याचं उत्तर आहे. त्यांनी कागद हलवायला खरखरीत चाकं वापरली. पहिल्या फेरीत चाकावरचे बारीक कण कागदात सूक्ष्म खड्डे पाडतात. पुढच्या प्रत्येक फेरीत तेच कण त्याच खड्ड्यांत जाऊन बसतात. म्हणजे कागद स्वतःवरच आपला दातेरी रूळ कोरून घेतो! विनाइल कटरमध्ये हे खड्डे विनाइलवर पडत नाहीत, पाठीच्या कागदावर पडतात. कापलेला तुकडा उलटा करून उजेडात तिरका धरा, ठिपक्यांचे दोन पट्टे स्पष्ट दिसतील. एका बाजूचा पट्टा ठसठशीत आणि दुसऱ्या बाजूचा पुसट असेल, तर निम्मं निदान तिथेच झालं.

आता मुख्य मुद्दा. विनाइल तिरकं जाणं आणि विनाइल घसरणं हे दोन वेगळे दोष आहेत, आणि जवळजवळ सगळे ते एकच समजतात.

तिरकेपणा ही भूमिती आहे. ६० सेंमी रुंदीला विनाइल १ मिमी वाकडं लागलं, तर दर मीटरला कड सुमारे १.७ मिमी बाजूला सरकते, ५ मीटरला ८ मिमीपेक्षा जास्त. पण विनाइल सरळ रेषेतच पुढे जातं आणि उलट फिरवलं की तितकंच परत येतं. त्यामुळे अक्षरांचा आकार बिघडत नाही, शेवटचा बिंदूही जुळतो, फक्त सगळं नाव विनाइलच्या कडेशी किंचित तिरकं कापलं जातं. धोका एवढाच की लांब कामात कड पिंच रोलरखालून निसटते किंवा बाजूच्या पत्र्याला घासते.

घसरणं परत फिटत नाही. आणि घसरणं म्हणजे नेहमी ‘सट्’कन सुटणंच असं नव्हे. अभियंता ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८७६ मध्ये दाखवलं की लोळणाऱ्या चाकाचा जमिनीशी असलेला सगळा स्पर्श चिकटलेला नसतो, त्यातला काही भाग कायम किंचित घसरत असतो. एफ. डब्ल्यू. कार्टरने १९२६ मध्ये रेल्वे इंजिनाच्या चाकासाठी याचं गणित मांडलं. स्पर्शाच्या पट्ट्याचा पुढचा भाग चिकटलेला, मागचा भाग सरकणारा. जितका ओढा जास्त तितका चिकटलेला भाग आखूड, आणि चाक फिरतं त्यापेक्षा गाडी तितकीच कमी पुढे जाते. याला क्रीप म्हणतात. ओढा घर्षणाच्या मर्यादेपेक्षा कमी असतानाही क्रीप असतोच, म्हणून कानाला काही ऐकू येत नाही आणि डोळ्याला काही दिसत नाही. ग्रिटचे कण खड्ड्यात नीट रुतले की हा क्रीप फार कमी होतो. पहिल्या फेरीत, खड्डे पडत असताना, तो सर्वांत जास्त असतो.

हे ‘सिद्धिविनायक’ला लावून पाहू. शिरोरेखा कापताना विनाइल पहिल्यांदाच पुढे येतंय, म्हणजे खड्डे पडायचेत आणि मागचा रोलही ओढून फिरवायचाय. क्रीप भरपूर. परतीच्या वाटेवर खड्डे तयार आहेत, मागे ढील आहे, ओढा नाही. क्रीप जवळजवळ शून्य. जाताना मीटरमागे समजा अर्धा मिलिमीटर कमी सरकलं आणि येताना पूर्ण सरकलं, तर शेवटी अर्ध्या मिलिमीटरची फट राहणारच. त्यात रोलचा ओढा एका बाजूला जास्त असला की ती बाजू मागे पडते, विनाइल हळूहळू वळतं आणि कामाच्या मधेच नवा तिरकेपणा जन्माला येतो. सरळ लावलेलं विनाइल दोन मीटरनंतर वाकडं का दिसतं, त्याचं कारण हे.

रोलचा ओढा लोकांना किरकोळ वाटतो, म्हणून आकडे मांडतो. ८० मायक्रॉनचं कॅलेंडर (लाटून बनवलेलं, नेहमीचं) विनाइल, गोंद आणि पाठीचा कागद मिळून चौरस मीटरला पाव किलोहून थोडं जास्त वजन भरतं. ६१ सेंमी रुंद, ५० मीटरचा रोल साधारण ८ किलोचा होतो. गुरुत्वाच्या निम्म्या त्वरणाने तो एकदम फिरवायचा तर कडेला सुमारे अडीच किलोचा जोर लागतो, दांड्याचं घर्षण वेगळंच. तेच मागे मीटरभर विनाइल सैल सोडलेलं असेल तर हलवायचं वजन १६५ ग्रॅम, लागणारा जोर ८० ग्रॅमच्या आसपास. तीसपट फरक! आणि हा फरक विकत घ्यावा लागत नाही, हाताने रोल उलगडला की झालं.

तेव्हा काम लावायची पद्धत अशी ठेवावी. पिंच रोलर दाबणारा लिव्हर वर करून विनाइल घाला आणि मीटरभर पुढे ओढा. मागे रोलजवळ आणि पुढच्या पट्टीवर, दोन्हीकडे कड एकाच आकड्यावर आणा. पुढची दोन्ही टोकं दोन हातांनी सारख्या ताणात धरा, मधली सुरकुती निघू द्या, मग लिव्हर दाबा. यानंतर कामाची लांबी अधिक फूटभर एवढा रोल मागे सैल उलगडा. ढील जमिनीवरच्या धुळीत लोळू देऊ नका, मशीनखाली स्वच्छ कापड किंवा झोळी बांधा. आता पॅनेलवरच्या बाणांनी विनाइल सगळ्या लांबीभर पुढे आणि परत मागे, असं दोनदा चालवा. कड मीटरला २ मिमीपेक्षा जास्त सरकली तर लिव्हर उचलून पुन्हा लावा. या कोऱ्या फेऱ्या म्हणजे वेळेचा अपव्यय नव्हे. खड्डे कापण्याआधीच पडून जातात, जाताना-येतानाचा क्रीप सारखा होतो, आणि फट मिटते. अनेक मशीनमध्ये प्री-फीड (आधीच विनाइल पुढे-मागे चालवणं) नावाची सोय याचसाठी असते आणि ती बहुतेक ठिकाणी बंद ठेवलेली असते.

पिंच रोलर ग्रिटच्या पट्ट्यावरच हवेत, मधल्या गुळगुळीत भागावर नकोत. ही चूक हास्यास्पद वाटेल, पण वारंवार घडते, कारण वरून पट्टा नीट दिसत नाही. बाहेरचे दोन रोलर कडेपासून १ ते २.५ सेंमी आत ठेवा.

सगळ्यात लाडका आणि सगळ्यात चुकीचा उपाय म्हणजे पिंच रोलरची स्प्रिंग आवळणं. एका बाजूची स्प्रिंग जास्त आवळली की दोन बाजूंचा क्रीप असमान होतो, मधे फुगवटा येतो, आणि विनाइल पूर्वीपेक्षा जास्त वळतं. आधी साफसफाई करा. ग्रिटमध्ये गोंद आणि कागदाचा भुगा भरला की कण बोथट होतात. मशीन बंद करून, रोलर हाताने फिरवत, जुन्या कडक टूथब्रशने घासा. तारेचा ब्रश नको. पाट्याला टाकी लावून घेता येते तशी ग्रिटला लावता येत नाही, धार गेली की दांडाच बदलावा लागतो. रबरी चाकं साबणाच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडाने पुसा. रबर चकचकीत, कडक किंवा एका बाजूने चपटं झालं असेल तर चाकं बदला, आणि बदलायची तर सगळी एकदम. चपटेपणा येतो रात्रभर लिव्हर दाबून ठेवल्याने. काम संपलं की लिव्हर वर.

ब्लेडचाही यात हात असतो. विनाइल आणि गोंद मिळून जाडी जेमतेम ०.१ मिमी, आणि पातं मात्र होल्डरबाहेर अर्धा मिलिमीटर काढलेलं! मग ते पाठीचा कागद चिरत जातं, पात्याखालच्या पट्टीत खाच पाडतं आणि विनाइलला ब्रेक लावतं. कापल्यावर कागदावर हलका ओरखडा दिसावा, चीर नाही. साध्या विनाइलला ४५ अंशाचं पातं आणि ८० ते १२० ग्रॅम फोर्स पुरतो. १५० च्या वर न्यावा लागत असेल तर पातं बोथट झालंय.

पावसाळ्यात आणखी एक भर पडते. पाठीचा कागद हवेतली ओल पितो आणि फुगतो, वरचं प्लॅस्टिक फुगत नाही. कडा लाटेसारख्या होतात, लाट पिंच रोलरखाली आली की पकड कमी-जास्त होते, आणि कधी डोकंच लाटेला धडकतं. कोकणात गणपतीच्या आधीच्या गर्दीत हे हमखास घडतं. रोल प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा, कापायच्या आदल्या दिवशी मशीनच्या खोलीत आणा, वरचा एक-दीड वेढा फेकून द्या. टी-शर्टवरच्या हीट ट्रान्सफरसारख्या मालाची पाठ कागदाची नसून पॉलिएस्टरची असते. त्याला ओल लागत नाही, पण त्यात ग्रिटचे खड्डेही नीट पडत नाहीत. तिथे वेग निम्मा करणं हाच खरा उपाय.

जाहिरातीतल्या ‘अमुक मीटर ट्रॅकिंगची’, म्हणजे तेवढ्या लांबीपर्यंत विनाइल सरळ चालण्याची, हमी बघून भुलून नवं मशीन घेण्याआधी बारीक अक्षरांतल्या अटी वाचाव्यात. हमी बहुधा ठरावीक माल, ठरावीक रुंदी आणि आधी उलगडलेला रोल यांनाच लागू असते. या अटी पाळल्या तर आहे ते मशीनही बरंच लांब जातं.

दोष कुठला ते ठरवायला ब्लेडच्या जागी पेन लावा, ऑफसेट (पात्याचं टोक होल्डरच्या मध्यापासून जितकं बाजूला असतं ते अंतर) शून्य करा आणि दीड मीटर लांब, १० सेंमी रुंद आयत तीनदा एकावर एक काढा. तिन्ही रेषा एकमेकींवर बसल्या तर रोल ठीक आहे. मग दोष पात्याचा किंवा ऑफसेटचा, बहुतेक पात्यांना ०.२५ मिमी ऑफसेट लागतो. पात्याने कापलेलं एक सेंटिमीटरचं वर्तुळही जुळत नसेल तर रोलकडे बघायचं कारणच नाही. रेषा लांबीच्या दिशेने थोड्या-थोड्या सरकल्या असतील तर क्रीप. एकदम पाच-दहा मिलिमीटरची उडी आणि ‘कर्र’ आवाज असेल तर मोटरची पावलं (स्टेप्स) चुकली, वेग कमी करा. आडव्या दिशेने सरकल्या तर डोक्याचा पट्टा ढिला. तिन्ही रेषा जुळल्या पण पोलादी टेपने लांबी १५०० ऐवजी १४९७ मिमी भरली, तर मशीनच्या कॅलिब्रेशनमध्ये (माप जुळवण्याच्या सेटिंगमध्ये) प्रत्यक्ष मोजलेला आकडा भरा. जाडजूड मॅन्युअलमध्ये ही सोय फार मागे दडलेली असते, पण असते.