धंदा ऑनलाइन नेला की पुढे गेलाच?

आंब्याचा हंगाम जवळ आला की हा मेसेज फिरतो : ‘ऑनलाइन विक्री सुरू करा, बाकीचे मागे पडतील.’

हे अर्धंच खरं. वेबसाइट, क्यूआर कोड, बिलाचं ॲप तुम्ही घेतलंत, तसं रत्नागिरी-देवगडातला शेजारचा बागायतदारही घेतो. जे सगळ्यांना विकत मिळतं त्यानं आघाडी कशी मिळेल? नसलं तर मात्र मागे पडाल, हे खरं.

फरक पडतो तो नोंदींनी. हापूसमधला साका, म्हणजे आतला गर पांढरट, स्पंजासारखा होणं, वरून दिसत नाही. गिऱ्हाईक फळ कापतं तेव्हाच कळतो. पेटीवर बागेचा तुकडा आणि तोडणीची तारीख लिहून तेच मोबाइलमध्ये टिपलंत, तर तक्रार आली की कुठला तुकडा, कधीची तोडणी, लगेच सापडतं. पुढच्या वर्षी तिथली तोडणी आधी करून बघता येते. ही माहिती शेजाऱ्याला दुकानात मिळत नाही. (वहीतही जमतं म्हणा, पण पाचशे पेट्यांत शोधताना जीव जातो.)

पडताळायचं तर गेल्या दोन हंगामांची ऑर्डर-यादी काढा. परत आलेली गिऱ्हाइकं किती, ते मोजा. ऑनलाइन गेल्यावर तो आकडा हललाच नसेल, तर फक्त ऑर्डर घ्यायची खिडकी बदलली.