विज्ञान-भूमिकाखेळांच्या पुस्तकांतील सांस्कृतिक अचूकता आणि विश्वसुसंगती

भूमिकाखेळात, म्हणजे रोलप्लेइंग गेममध्ये, चार-सहा खेळाडू एकत्र बसून प्रत्येकी एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतात आणि गेम मास्टर म्हणून ओळखला जाणारा एक जण त्या पात्रांभोवतालचे जग, त्यातली इतर माणसे आणि प्रत्येक कृतीचा परिणाम सांगत जातो. हे जग आधीच रचून ज्या पुस्तकात छापलेले असते त्याला सेटिंगचे पुस्तक म्हणतात. एखाद्या खऱ्या समाजाची भाषा, नावे, सण, अन्न आणि नातीगोती त्या समाजातल्या माणसाला ओळखीची वाटतील इतकी नीट रेखाटणे ही सांस्कृतिक अचूकता होय. पुस्तकाने स्वतः घालून दिलेले भौतिक, आर्थिक आणि ऐतिहासिक नियम शेवटच्या पानापर्यंत पाळणे ही विश्वसुसंगती होय. विज्ञानकथेत हे दोन गुण वेगळे काढता येत नाहीत, कारण रूढी ज्या हवापाण्यातून, अंतरांतून आणि ऋतुचक्रातून घडतात, नेमक्या त्याच गोष्टी विज्ञानकथाकाराने बदललेल्या असतात.

कादंबरीकार वाचकाला हवे तेवढेच दाखवू शकतो. सेटिंगच्या पुस्तकाला ती मुभा नाही, कारण खेळाडू कथेच्या वाटेवरून उतरून कोणत्याही गल्लीत शिरतो आणि इथे पाणी कुठून येते, मजुरी कोण देतो, मयत झाल्यावर प्रेत कुठे नेतात असे विचारतो. पुस्तकात उत्तर नसेल तर ते गेम मास्टरला तिथल्या तिथे द्यावे लागते, आणि ते देता यावे यासाठी पुस्तकाने नुसती नावे न देता कारणे दिलेली असावी लागतात. या नोंदीत पुढे सोलापूरची उदाहरणे घेतली आहेत, कारण मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी उर्दू या चारही भाषा जिथे रोजच्या व्यवहारात कानावर पडतात त्या शहराचे चित्र वरवरच्या माहितीवर उभे राहत नाही.

छापील भूमिकाखेळांची सुरुवात गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांच्या १९७४ सालच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’पासून धरतात. १९७६ मध्ये जेम्स वॉर्ड यांचा ‘मेटामॉर्फोसिस अल्फा’ आला; त्यात सगळी कथा एका प्रचंड अवकाशयानाच्या पोटात घडते. विश्वसुसंगतीच्या दृष्टीने मात्र मार्क मिलर यांचा १९७७ मधला ‘ट्रॅव्हलर’ अधिक महत्त्वाचा आहे. त्यात प्रत्येक ग्रहाची ओळख अवकाशबंदर, आकार, वातावरण, जलव्याप्ती, लोकसंख्या, शासन, कायद्याची कडकता आणि तंत्रपातळी यांच्या सांकेतिक ओळीत दिलेली असते. ताऱ्यांमधली प्रत्येक उडी, अंतर एक पार्सेक (सुमारे सव्वातीन प्रकाशवर्षे) असो की सहा, सुमारे आठवडाभराची असते आणि यानापेक्षा वेगाने निरोप जाऊ शकत नाही. एवढ्या एका नियमातून त्या साम्राज्याची सगळी राजवट निघते: राजधानीचा हुकूम सरहद्दीवर पोहोचायला महिनोन्महिने लागत असल्यामुळे तिथल्या सरदारांना स्वतःच्या जबाबदारीवर निर्णय घेण्याचा अधिकार द्यावाच लागतो. भौतिक नियमातून समाज कसा घडवावा याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण या प्रकारात क्वचितच सापडते.

दीर्घकाळ चालणाऱ्या मालिकेत सुसंगतीचा प्रश्न आवृत्त्यांमुळेही उद्भवतो. ‘ट्रॅव्हलर’च्याच १९८७ च्या आवृत्तीत सम्राटाच्या हत्येनंतर यादवी माजते, तर १९९८ मध्ये दुसऱ्या नियमपद्धतीवर आलेल्या आवृत्तीने ती हत्या झालीच नाही असे मानून इतिहास पुढे नेला. दोन्ही मार्ग उघडपणे जाहीर केलेले असल्यामुळे खेळाडूंची फसगत झाली नाही. जाहीर न करता केलेला बदल हाच खरा दोष मानावा.

आता सांस्कृतिक अचूकता भौतिकशास्त्राला कशी भिडते ते पाहू. समजा, एका पुस्तकात चारशे वर्षांनंतर मंगळावर वसलेल्या सोलापूरकरांची वस्ती आहे आणि लेखकाला तिथे सिद्धेश्वराची यात्रा, म्हणजे गड्डा, दाखवायचा आहे. बाराव्या शतकातले कन्नड वचनकार शरण सिद्धरामेश्वर यांच्याशी जोडलेली ही यात्रा मकरसंक्रांतीच्या सुमारास भरते. सात नंदीध्वज म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्या, पांढऱ्या बाराबंदीतले भक्त, अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, म्हणजे प्रतीकात्मक विवाह, आणि ‘हर्र बोला हर्र’चा गजर एवढे तपशील छायाचित्रांवरूनही उचलता येतील. पण यात्रेचा दिवस कोणता, हा पहिलाच प्रश्न लेखकाला अडवतो. मकरसंक्रांत निरयन गणनेवर, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भात मोजलेल्या सूर्याच्या स्थानावर, चालते आणि इंग्रजी तारखेच्या तुलनेत ती सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. म्हणजे चारशे वर्षांनंतर पृथ्वीवरच ती १९ किंवा २० जानेवारीच्या आसपास आलेली असेल. ‘दरवर्षी १४ जानेवारीला’ असे लिहिणारे पुस्तक पंचांग आणि स्वतःची कालरेषा या दोन्हींशी विसंगत ठरते.

मंगळावरून पाहिले तर सूर्य मकर राशीत पृथ्वीच्या सुमारे ६८७ दिवसांतून एकदाच प्रवेशतो. मग वस्तीतली मंडळी सोलापूरच्या पंचांगाप्रमाणे यात्रा भरवतात की आपल्या आकाशातल्या सूर्याप्रमाणे? पृथ्वीचे पंचांग पाळले तर यात्रा मंगळाच्या ऋतुचक्रात दरवेळी वेगळ्या ठिकाणी येईल. मंगळाचा सूर्य पाळला तर आजोबांनी आयुष्यात पाहिलेल्या यात्रा सोलापुरातल्या त्यांच्या भावापेक्षा निम्म्याच्या थोड्या वर भरतील. सोलापुरात तळ्याकाठी पडणाऱ्या अक्षतांबरोबर मंगळावरही अक्षता टाकायच्या ठरवल्या, तर संमती वाचनाचा आवाज ग्रहांच्या अंतरानुसार ३ ते २२ मिनिटे उशिरा पोहोचेल, आणि सूर्य मधोमध आला की सुमारे दोन आठवडे संपर्कच नीट राहणार नाही. अशा वस्तीत पंचांगावरून दोन तट पडणे अगदी स्वाभाविक आहे. तो वाद पुस्तकात आला की यात्रा शोभेपुरती उरत नाही, खेळण्याजोगा प्रसंग होते.

नंदीध्वजाचेही तसेच. उंच काठी उभी तोलत नेणे हे भक्ताच्या ताकदीचे आणि सरावाचे काम आहे. मंगळावर गुरुत्व पृथ्वीच्या ०.३८ पट असल्यामुळे तिचे वजन बरेच कमी भरेल, पण वस्तुमान तेवढेच राहील. ती कलंडायला सुमारे १.६ पट वेळ घेईल, पण एकदा जोरात हललेली काठी थांबवायला इथल्याइतकाच जोर लागेल. तिथल्या माणसांनी काठी अधिक उंच केली असेल का, की ‘आपल्या मापाचीच हवी’ म्हणून धरून ठेवली असेल, याचे उत्तर लेखकाने मानकऱ्यांच्या मनात शिरून द्यायला हवे.

अन्नाच्या बाबतीत चुका सर्वांत सहज होतात. सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगा चटणी टिकाऊ म्हणून लांबच्या अवकाशप्रवासाला योग्य वाटते, आणि अनेक लेखक तिथेच थांबतील. परंतु वजनरहित अवस्थेत भुगा तरंगत यंत्रांत आणि डोळ्यांत जातो. म्हणूनच अमेरिकी अंतराळवीर १९८५ पासून पावाऐवजी मेक्सिकन टॉर्टिया (पातळ मऊ पोळी) नेतात. मोडताच चुरा होणारी कडक भाकरी अशा यानात चालणार नाही, आणि पीठ पसरून हाताने थापायची मऊ भाकरी तर मुळीच नाही. स्वतःभोवती फिरून गुरुत्व निर्माण करणाऱ्या अवकाश-वसाहतीत मात्र दोन्ही शक्य आहेत. मिनिटाला दोन फेरे घेऊन पृथ्वीइतके गुरुत्व निर्माण करायचे तर त्रिज्या सुमारे २२४ मीटर लागते. पुस्तकाने वसाहतीचे माप दिले असेल, तर तिथे भाकरी थापता येते की नाही हे वाचकाला गणितानेच ठरवता येते. ज्वारी कुठून येते हा प्रश्न तरीही उरतो. मंगळवेढ्याची मालदांडी कोरडवाहू काळ्या जमिनीत, जमिनीतल्या ओलीवर येणारे रब्बीचे पीक आहे आणि पाण्यातल्या बंद शेतीत ती तिच्या गुणांसह येईल असे गृहीत धरता येत नाही.

नावांचे तक्ते हे या पुस्तकांचे जुने दुखणे आहे. फासे टाकून ‘भारतीय नाव’ निवडायच्या यादीत पंजाबी आडनावाला तमिळ नाव जोडले जाते, किंवा पुरुषाचे नाव बाईला मिळते. सोलापुरी वस्तीसाठी निदान चार याद्या लागतील, कारण पूर्व भागातल्या पद्मशाली विणकराचे तेलुगू घरनाव, लिंगायत कुटुंबातले ‘मठ’ किंवा ‘शेट्टी’ने संपणारे आडनाव, मराठी आडनाव आणि मुस्लिम घरातले नाव ही एकाच साच्यात बसत नाहीत. संबोधनांकडे तर फारच थोडे लेखक लक्ष देतात. ‘काय बे’ ही सोलापूरची खूण खरी, पण ती बरोबरीच्या मित्रात चालते. तीच व्यक्ती वडीलधाऱ्याला अण्णा, अप्पा किंवा मामा म्हणेल आणि अहो-जाहो करील. प्रत्येक पात्राच्या तोंडी ‘बे’ घालणारे पुस्तक बोली टिपत नाही, तिची चेष्टा करते.

याहून खोल दोष म्हणजे संस्कृती गोठवणे. एक ग्रह म्हणजे एक भाषा आणि एक स्वभाव, आणि भारतीय वंशाची वस्ती म्हणजे देऊळ, मसाले आणि गूढ साधू, असे चित्र जुन्या पुस्तकांत वारंवार दिसते. सोलापूर आज जसे आहे तसे ते कारणांनी झाले: १८७७ मध्ये कापड गिरणी सुरू झाली, कामासाठी तेलुगू विणकर आले, त्यांच्याबरोबर नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव रुजला, आणि चादर-टॉवेलच्या धंद्याने शहराला नाव दिले. मे १९३० मध्ये शहराने काही दिवस इंग्रजी अंमल झुगारला, त्यावर लष्करी कायदा लादला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना फाशी झाली. ही चार नावे ज्या वस्तीच्या स्मरणात आहेत, तिथले लोक परग्रहावरच्या कंपनी-राजवटीपुढे कसे वागतील याचा अंदाज त्या स्मरणावरून बांधता येतो.

प्रत्यक्ष संपादनात कालरेषा, नकाशा, नामसूची आणि नियमांची एक मूळ वही सर्व लेखकांसाठी ठेवली जाते, चाचणी खेळ घेतले जातात आणि छपाईनंतर शुद्धिपत्र काढले जाते. संबंधित समाजातल्या वाचकाला मजकूर दाखवण्याची पद्धत अलीकडे वाढली आहे. तो वाचक मसुद्याच्या शेवटी न येता आराखड्याच्या वेळीच आला तर अधिक उपयोग होतो, कारण छापायला निघालेल्या पुस्तकात शब्द बदलता येतात, वस्तीला पाणी कुठून येते हे बदलता येत नाही. काही पुस्तके माहिती त्या जगातल्याच एखाद्या पात्राच्या तोंडून देतात, म्हणजे परस्परविरोधी हकिकती दोष न ठरता पात्रांचे मतभेद ठरतात. ही युक्ती चांगली आहे, मात्र खरी घटना काय होती हे गेम मास्टरसाठीच्या पानांवर तरी निःसंदिग्ध लिहिलेले असावे लागते.