उदरातील धमन्यांची विरळ रचनाभिन्नता

हृदयातून निघून उदरात उतरणाऱ्या मुख्य धमनीच्या, म्हणजे महाधमनीच्या, शाखांचा उगम, संख्या किंवा मार्ग नेहमीपेक्षा वेगळा असणे याला धमन्यांची रचनाभिन्नता म्हणतात. हा रोग नव्हे. अशी धमनी आयुष्यभर अवयवाला पुरेसे रक्त पुरवते. संकट बहुधा येते ते शस्त्रक्रियेत ती नकळत बांधली वा कापली गेली तर.

सीलियाक धमनी ही उदरातील महाधमनीची पहिली मोठी शाखा. तिच्या जठर, प्लीहा व यकृताकडे जाणाऱ्या तीन शाखांचे वर्णन स्विस शरीरशास्त्रज्ञ हॅलर यांनी १७५६ मध्ये केले. भ्रूणावस्थेत महाधमनीच्या पुढच्या बाजूने निघणाऱ्या खंडीय धमन्या (एकाखाली एक अशा ओळीने असलेल्या) एका उभ्या जोडधमनीने सांधलेल्या असतात. पुढे त्यांतल्या बऱ्याच विरून जातात. कोणती विरली आणि जोडधमनी कुठे तुटली, यावर प्रौढाची रचना ठरते. सीलियाक आणि तिच्या खालची, आतड्याला रक्त पुरवणारी ऊर्ध्व आंत्रबंध धमनी एकाच खोडातून निघणे सुमारे एक टक्का लोकांत आढळते. त्या खोडात गुठळी झाली, तर यकृतापासून आतड्यापर्यंतचा रक्तपुरवठा एकदम धोक्यात येतो.

सर्वाधिक वैविध्य यकृत धमनीत दिसते. अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ मिशेल्स यांनी २०० शवविच्छेदनांवरून तिचे दहा प्रकार मांडले. उजवी यकृत धमनी ऊर्ध्व आंत्रबंध धमनीतून निघणे तर विरळ म्हणण्याजोगेही नाही. साधारण दहांत एका व्यक्तीत ते असते. ही धमनी स्वादुपिंडाच्या डोक्यामागून जाते, त्यामुळे कर्करोगासाठी तो भाग काढताना ती हमखास वाटेत येते. ती बांधली गेली तरी प्रवेशिनी शिरेच्या (आतड्याकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेच्या) रक्तावर यकृत बहुधा तग धरते, पण पित्तनलिकेचे रक्त घटून शस्त्रक्रियेत आतड्याशी केलेला तिचा नवा जोड गळू शकतो. संपूर्ण यकृत धमनीच अशी निघत असेल, तर चूक फारच महागात पडते. जठर काढताना डाव्या जठर धमनीतून निघालेल्या डाव्या यकृत धमनीबाबतही हीच काळजी घ्यावी लागते.

मूत्रपिंडाच्या जादा धमन्या अंत्यधमन्या असतात. एक बंद झाली तर दुसरी तिचे काम करत नाही. प्रत्यारोपणात खालच्या टोकाची बारीक धमनी विशेष जपतात, कारण मूत्रवाहिनीचे रक्त अनेकदा तिच्यातूनच येते.

शस्त्रक्रियेपूर्वी सीटी अँजिओग्राफीत (रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या सीटी स्कॅनमध्ये) बहुतेक भिन्नता दिसतात. तरीही स्वादुपिंडाचे डोके काढताना, यकृत धमनीतून निघणारी जठर-आद्यांत्र धमनी कापण्याआधी ती चिमट्याने तात्पुरती दाबून यकृत धमनीचे स्पंदन तपासतात. ते थांबले, तर सीलियाकचा उगम अरुंद असून यकृताला रक्त ऊर्ध्व आंत्रबंध धमनीकडून याच धमनीतून उलट वाटेने येत असल्याची शक्यता असते; अशा वेळी ती धमनी कापत नाहीत.